विमानात डांगर पचडी

“भाषा कुठली आहे ही?” साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

टेबलाभोवती आम्ही पाच जण बसलो होतो. मध्ये लॅपटॉप. त्यातून खरखर येत होती, खरखरीत एका वैमानिकाचा इंग्रजी आवाज होता आणि त्या आवाजावर चढून बसलेला एक म्हातारा. वैमानिक उंची विचारत होता. म्हातारा आपलं चालूच ठेवत होता. एक जण म्हणाला, हिंदी. दुसरा म्हणाला, सौराष्ट्री. तिसऱ्याला टीव्हीवरच्या गुप्तहेरांच्या मालिका फार आवडतात. तो म्हणाला, कोड लँग्वेज.

 मला मात्र त्यातला शब्द न् शब्द कळत होता.

“उडदाचें पीठ मंद आंचेवर भाजावें,” म्हातारा सांगत होता. “वास सुटला की खालीं उतरवा. घाई करूं नका.”

वैमानिकाला मराठी येत नव्हती हे देवाचे उपकार.

“सर,” मी म्हणाले, “ही मराठी आहे. तंजावरची.”

“काय बोलतोय तो?”

“डांगर पचडी करतोय, सर. म्हणजे उडदाच्या पिठाची, दह्यातली कोशिंबीर.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. राजगोपालन साहेब चिडले की ओरडत नाहीत, चष्मा पुसतात. त्या दिवशी बराच वेळ पुसला.

आमचं काम काय, ते आधी सांगते. फोनचे दर आणि कंपन्यांचे नियम पाहणारं एक कार्यालय असतं, रेडिओ-टीव्हीच्या वाहिन्यांना परवानगी देणारं दुसरं. हवेतल्या लहरी कोणी, कुठे, किती ताकदीने वापरायच्या यावर नजर ठेवणारे आम्ही. लोक तिघांनाही केबल बंद पडली की फोन करतात. आमची खरी नोकरी मात्र ऐकण्याची आहे. दिवसभर यंत्रांपुढे बसून, ज्याची जागा नाही तो तिथे बोलतोय का, ते ऐकायचं.

एफएम रेडिओची वस्ती १०८ मेगाहर्ट्झला संपते. तिला लागूनच विमानांची वस्ती सुरू होते. चांगला ट्रान्समीटर आपल्या जागेवर बसून बोलतो. घरी जुळवलेला, फिल्टर नसलेला ट्रान्समीटर आपल्या जागेवर बोलतोच, शिवाय शेजारच्या दोन-चार जागांवर त्याची भुतं उठतात. आम्ही त्याला स्प्युरियस म्हणतो. जमिनीवर असा आवाज एक-दोन किलोमीटरमध्ये मरतो. विमान मात्र वर असतं, मध्ये काही आडवं येत नाही, त्यामुळे त्याला लांबूनही ऐकू येतो. उतरणाऱ्या वैमानिकाला टॉवरची एक सूचना ऐकू आली नाही, तर त्याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. विमानतळाने तीनदा तक्रार केली होती. दर वेळी दुपारचे चार ते साडेचार. दर वेळी सोमवार ते शुक्रवार.

भाषा कळली हे मी सांगितलं. आवाजही ओळखला, हे सांगायला मला पाच मिनिटं लागली.

तो व्यंकोबा मामांचा आवाज होता. सख्खे मामा नव्हेत. तंजावरच्या आमच्या वस्तीत ते सगळ्यांचेच मामा. पॉलिटेक्निकमध्ये लॅब इन्स्ट्रक्टर होते, निवृत्त होऊन सोळा-सतरा वर्षं झाली. मी दहा वर्षांची असताना सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात त्यांनीच दिलं. मी इंजिनिअर झाले ती त्यांच्यामुळे. आता बिनपरवाना ट्रान्समीटर चालवल्याबद्दल त्यांना कोर्टात उभं करायचं, तर तेही मीच करणार होते. 

“ओळखीचा आहे?” साहेबांनी विचारलं.

“हो सर.”

“मग फोन करून सांगणार असशील, की बंद करा.”

खरं तर तोच विचार चालला होता. फोन हातातच होता.

“करू नकोस,” ते म्हणाले. “आज बंद करेल, दिवाळीनंतर पुन्हा लावेल. यंत्र हातात आलं पाहिजे. आणि रिपोर्टमध्ये ‘मला आवाज ओळखता आला’ असं लिहिता येत नाही. रीडिंग्ज हवीत. तूच जा. ती भाषा कळणारं दुसरं कोणी नाही माझ्याकडे.”

सोमवारी मी आणि ड्रायव्हर सेल्वम व्हॅन घेऊन तंजावरला निघालो. सेल्वम या कामात बावीस वर्षं आहे. अँटेना कुठे फिरवायची हे त्याला कित्येक इंजिनिअरांपेक्षा जास्त कळतं, आणि हॉटेल कुठलं चांगलं हे सगळ्यांपेक्षा जास्त. या वेळी हॉटेलचा प्रश्न नव्हता. आईचं घर होतं. सामान टाकलं, सेल्वमला खालची खोली दिली. कामाचं मी आईला काही सांगितलं नाही, कारण तसा नियम आहे. आईनेही मला काही सांगितलं नाही, कारण मी काही विचारलं नव्हतं.

पावणेचारला आम्ही मामांच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॅन लावली. चारला रिसीव्हर बोलला.

“नमस्कार. हें आपलें घरचें रेडियो. आज पंचमी. सोनूबाईंच्या घरीं श्राद्ध झालें, स्वयंपाक उत्तम होता. सखूअक्काचें गुडघ्याचें आपरेशन नीट झालें. कोणीं भेटायास जाल तर चार जण मिळून जाऊं नका, डाक्टर रागावतो.”

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, हे का चालवतात ते. आमच्या लोकांत मराठी बोलता सगळ्या म्हाताऱ्यांना येतं, वाचता जवळजवळ कोणालाच येत नाही. मी लिहायला शिकले ती पहिली नेमणूक नागपूरला झाली म्हणून. देवनागरीतला मेसेज आला की आमच्याकडे तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. फोनच्या काचेवर बोट नीट पडत नाही. रेडिओला मात्र एकच चक्री. कोण आजारी, कोणाची तिथी, कोणाच्या मुलीचं ठरलं, हे सगळं मामा अर्ध्या तासात आपल्या भाषेत सांगत होते. शनिवार-रविवार सुट्टी, कारण तेव्हा अमेरिकेतल्या नातवंडांचे व्हिडिओ कॉल असतात. मी सुट्टीलाच घरी यायचे, म्हणून मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

काम सोपं वाटत होतं. व्हॅनच्या टपावर दिशा दाखवणारी अँटेना असते. सिग्नल कुठल्या बाजूने येतोय ते ती सांगते. नकाशावर त्या बाजूला रेघ मारायची. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन दुसरी रेघ, आणि तिसऱ्या ठिकाणाहून तिसरी. रेघा जिथे मिळतात तिथे चोर. मला तर पत्ताही माहीत होता. रेघा फक्त फाइलला दाखवायच्या होत्या.

रेघ मामांच्या घराला पाठ करून भलतीकडेच गेली.

“रिफ्लेक्शन असेल,” मी म्हणाले. उंच भिंतीवर आपटून लहरी वळतात, तसं होतं कधी कधी.

“असेल, मॅडम,” सेल्वम म्हणाला. तो ‘असेल’ म्हणतो तेव्हा ते नसतं.

मंगळवारी जागा बदलली. कालव्याच्या पुलाशी गाडी लावली. चार वाजले. तिथी झाली, एका मावशींचं बीपी झालं, आणि मग मामा म्हणाले:

“विशेष बातमी. आपल्या शेषगिरिरावांची कमला गांवांत आली आहे. मोठी आफीसर आहे. पांढऱ्या व्हॅनींत बसून असते, वरती एक भलें मोठें यंत्र आहे, माशाच्या कांट्यासारखें. आज कालव्याच्या पुलाशीं दिसली. पोर रस्त्यावर बिस्किटें खाते असें कळलें. आपण सर्व असतां ही गोष्ट बरी नव्हे. जवळ ज्याचें घर आहे त्यानें कांहीं करावें.”

तेवीस वर्षांच्या नोकरीत मी बरेच बिनपरवाना ट्रान्समीटर पकडले. मी कुठे उभी आहे ते सगळ्या गावाला सांगणारा हा पहिलाच.

दहा मिनिटांत पहिला डबा आला. मग दुसरा. एक आजी रिक्षाने आल्या. पुरणपोळी, आंबट वरण, दहीभात आला, आणि दोघींकडून डांगर पचडी. बायका व्हॅनला टेकून उभ्या राहिल्या. एकीने स्टीलचा चार खणांचा डबा सरळ टपावर अँटेनेच्या शेजारी ठेवला. धातू जवळ आला की अँटेना बावचळते. माझी रेघ नकाशावर घड्याळाच्या काट्यासारखी फिरायला लागली.

“मावशी, डबा काढा तो!”

“गरम आहे गे. आंत ठेवूं नको, वाफ धरेल.”

“लग्न नाहीं का करणार तूं?” दुसरीने खिडकीतून विचारलं. माझा मुलगा कॉलेजात आहे. हिने चुकून माझ्या धाकट्या चुलतबहिणीचं खातं माझ्या नावावर मांडलं होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन. “प्रोग्रेस?”

“सर, दोन रेघा आणि सहा डबे.”

“काय?”

“उद्या सांगते, सर.”

सेल्वम तिसऱ्या पुरणपोळीवर होता. असली पोस्टिंग्ज वर्षातून दोनदा तरी यावीत असं त्याचं मत पडलं.

बुधवारी आम्ही शहाणे झालो. गावाबाहेरच्या बाजूने गेलो, भाताच्या शेताच्या कडेला उभे राहिलो. डबे पोचायच्या आत तिसरी रेघ घेतली. व्हॅनच्या बॉनेटवर नकाशा पसरला, पट्टी ठेवली. तिन्ही रेघा सुंदर मिळाल्या. इतक्या नीट की कॉलेजात शिकवायला दाखवाव्यात. मामांच्या घरी नव्हे, तिथून दोन गल्ल्या सोडून.

मी त्या टिंबाकडे पाहत राहिले. सेल्वमने मान वाकवून पाहिलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “हे तर आपण झोपतो ते घर.”

प्रक्षेपण संपायला बारा मिनिटं होती. सेल्वमने ती गाडी कशी आणली ते मी रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही. हातातली छोटी अँटेना घेऊन मी जिना चढायला लागले. हिचं काम शेवटच्या काही पावलांचं, सिग्नल कुठे वाढतो ते दाखवायचं. पहिल्या पायरीलाच मीटर शेवटपर्यंत गेला होता.

“चपला काढ,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

वरचा मजला मीच बांधून दिलेला आहे. गल्लीतलं सगळ्यात उंच घर आमचं. एफएमला उंची हवी असते. कपडे वाळत घालायच्या लोखंडी खांबाला अँटेना बांधलेली होती आणि तिच्यावर आईची नऊवारी वाळत होती. तिच्याखालच्या खोलीत मी दोन रात्री निवांत झोपले होते.

गच्चीवरच्या छोट्या खोलीत व्यंकोबा मामा पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे लुंगीसारख्या धोतरात, ताठ बसले होते. पुढे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यातून तारा बाहेर आलेल्या. शेजारी आईच्या हातची कापी, म्हणजे कॉफी, पितळी डबऱ्यात. मला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की माझे पाय दारातच थांबले.

“श्रोतेहो,” ते माइकमध्ये म्हणाले, “कमला आलीच! ये, ये. दोन शब्द बोल लोकांशीं.” आणि त्यांनी माइक माझ्यासमोर धरला.

बिनपरवाना केंद्रावरून बोलणं हाही गुन्हा. पकडायला आलेल्या अधिकाऱ्याने ते केलं तर काय होतं, हे आमच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं नाही. कोणाला सुचलंच नसावं.

“मामा, बंद करा,” मी म्हणाले. माइक चालू होता. ते गल्लीने ऐकलं, आणि बहुधा एका विमानाने.

मामांनी बटण दाबलं. “कां गे? आवाज बरा येत नाहीं का?”

मी सगळं सांगितलं. तक्रारी, विमान, कायदा. कायद्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. घरातल्या घरात बोलायला सरकारची परवानगी कशाला, असं ते म्हणाले. पण तुमचा ट्रान्समीटर दुसऱ्याच्या जागेवर जातो म्हटल्यावर ते उभेच राहिले.

“माझा? माझा ट्रान्समीटर? तुजला सोल्डरिंग मीं शिकवलें! अशक्य आहे.”

आई दारात आली होती. “मामांस ओरडूं नको,” ती म्हणाली. “मींच जागा दिली. हवेचें यंत्र म्हणाले. हवा तर आहेच गच्चीवर.”

म्हणजे आरोपी दोन. त्यातली एक माझी आई. मी खाली येऊन साहेबांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे साहेब चष्मा पुसत असणार.

“स्वतःच्या घराची जप्ती तुला करता येणार नाही,” शेवटी ते म्हणाले. “कशालाही हात लावू नकोस. मी येतो.”

गुरुवारी सकाळी साहेब बॅग, जप्तीचे फॉर्म आणि स्पेक्ट्रम अॅनलायझर घेऊन आले. हे यंत्र लहरींचा आलेख पडद्यावर दाखवतं. जिथे सिग्नल असतो तिथे उंच काटा उभा राहतो. आईने त्यांना आधी जेवायला बसवलं. ते नको म्हणाले. आईला तमिळ उत्तम येते, पण ‘नको’ तिला कुठल्याच भाषेत कळत नाही.

मग गच्चीवर डमी लोड लावून, म्हणजे आवाज हवेत न सोडता, साहेबांनी मामांचं यंत्र चालू केलं. पडद्यावर एक उंच काटा आला. ठीक. मग बाजूला एक बुटका. मग आणखी एक, बरोबर विमानांच्या हद्दीत.

मामा पडद्याजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. 

“लो-पास फिल्टर?” साहेबांनी हळूच विचारलं.

“डब्यांत जागा नव्हती,” मामा म्हणाले. कोर्टाचं नाव काढल्यावर न डगमगलेला माणूस आता शाळेत नापास झाल्यासारखा उभा होता. “कमला, मीं विद्यार्थ्यांस याचे मार्क कापत असें.” मला रडू आलं. मी खांबावरची नऊवारी काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

जप्तीला दोन साक्षीदार लागतात, तटस्थ. गल्लीत तटस्थ कोणीच नव्हतं. कोणी दार लावून घेतलं, कोणाला अचानक देवळात जायचं होतं. एक सही सेल्वमने समोरच्या इस्त्रीवाल्याकडून आणली. दुसरी सखूअक्काने दिली, गुडघ्याला पट्टा बांधून, खुर्चीतून, तमिळ अक्षरांत.

“सही देतें,” ती साहेबांकडे पाहून म्हणाली. “पण उद्यां कोण आजारी, कोण गेलें, तें आम्हांस कोण सांगणार? हा?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. त्यांनी फॉर्म भरायला घेतला आणि एकच रकाना दोनदा भरला.

निकाल असा लागला. पहिलाच गुन्हा, यंत्र स्वतःहून दिलं, म्हणून दोघांना लेखी ताकीद. पुढे खटला नाही. विमानतळाने आवाज बंद झाल्याचं कळवलं. माझ्याकडून खुलासा मागवला, की आपण राहत असलेल्या इमारतीवरची अँटेना आपल्या निदर्शनास का आली नाही. मी लिहिलं, तिच्यावर साडी होती. कम्युनिटी रेडिओचा परवाना एकट्या माणसाला मिळत नाही, संस्थेला मिळतो. आमच्या मंडळींनी संस्था काढायला सभा घेतली. अध्यक्ष कोण यावर ती अजून चालू आहे.

आणि मामा? शुक्रवारी चार वाजता ते वेष्टी सारखी करून घराबाहेर पडले. परवाना नाही तर नाही. घरोघर जाऊन तोंडाने सांगायचं ठरवलं होतं. पहिल्या घरी तिथी सांगितली, कोण आजारी ते सांगितलं, कापी घेतली. दुसऱ्या घरी तेच. आठव्या घरापर्यंत त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती, आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन ती सांगताना त्यांचा आवाज बसला होता.

बहुतेक घरांतले रेडिओ चालतच नव्हते. कुठे सेल नव्हते, कुठे चक्री तुटलेली, एकीकडे रेडिओवर देवाचा फोटो. चालू होते ते जेमतेम तीन. बाकीचे जण त्या तिघांना बातमी विचारायचे, ते आणखी कोणाला सांगायचे, आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत एका चांगल्या जित्या माणसाचं सुतक दोन घरांनी पाळून झालं होतं. मामांना हे कोणी सांगितलं नाही, कारण मामांना वाईट वाटलं असतं.

“वर्षभर बोललों गे मी,” ते म्हणाले. “ऐकलें कोणीं?”

“वैमानिकांनी,” मी म्हणाले. “रोज. अगदी नीट.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते इतके हसले की आईने पाणी आणलं.

आता ते रोज जातात. अर्ध्या तासाचा कार्यक्रम अडीच तास चालतो. लोक मध्येच अडवून प्रश्न विचारतात, चुका काढतात, ही सोय पूर्वी नव्हती. कापी मात्र डॉक्टरांनी दिवसाला दोनवर आणली आहे. मीही ऑफिसात एक सवय लावून घेतली आहे. परवान्याचा अर्ज आला आणि त्यात ‘अमुक इतक्या घरांत ऐकलं जाईल’ असं लिहिलेलं असलं, की मी सेल्वमला गाडी काढायला सांगते आणि त्यातल्या चार घरांची दारं वाजवून येते.